डब्याचं प्रमाणपत्र कुणाकडे मागायचं?

मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. अध्यक्ष, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
यांस,

स. न. वि. वि.

मी पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते. चौदा वर्षं झाली. रोज दीडशेच्या आसपास डबे जातात, शनिवारी मसालेभात असला की थोडे जास्त. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक दारावर लावलेला आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून ही बाई नियमांना वैतागलेली आहे असा समज होईल. तसं नाही. नियम नीट वाचले, म्हणून तर हे पत्र लिहायला बसले.

झालं असं. मध्यंतरी एका कंपनीच्या कँटीनला रोज ऐंशी डबे द्यायचं काम चालून आलं. त्यांच्या माणसाने कागदांची यादी हातात ठेवली. नोंदणी, पाण्याचा तपासणी अहवाल, स्वयंपाकाच्या बायकांचे वैद्यकीय दाखले, सगळं माझ्याकडे तयार होतं. शेवटची ओळ होती, 'पॅकिंगच्या मालाचं प्रमाणपत्र'. हे काय नवीन, म्हणून विचारलं, तर म्हणाला, मॅडम, कायद्यातच आहे. घरी येऊन मुलाला शोधायला लावलं. खरंच होतं. प्राधिकरणाचे 2018 चे पॅकेजिंग विनियम, जे 1 जुलै 2019 पासून लागू झाले, त्यांत लिहिलंय की अन्नाला थेट लागणाऱ्या पॅकिंगसाठी अन्न व्यावसायिकाने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मिळवावं. अन्न व्यावसायिक म्हणजे कोण, तर मी. कारखाना नाही, ठोक व्यापारी नाही. मी, आणि कोपऱ्यावरचा वडापाववाला.

दुसऱ्या दिवशी पेठेत गेले. ज्या दुकानातून वर्षानुवर्षं काळे डबे, झाकणं, आमटीच्या पिशव्या आणि चांदी पाऊच घेते, तिथेच. मालकांना म्हटलं, या डब्याचा कागद द्या. त्यांनी डबा उलटा करून दाखवला. "ताई, फूड ग्रेड आहे. हा बघा ग्लास आणि काटा." मी म्हटलं, चिन्ह दिसतंय, प्रमाणपत्र हवंय. "प्रमाणपत्र म्हणजे पक्कं बिल ना? मग जीएसटी लागेल." नाही हो, प्रयोगशाळेचं. कुठल्या कारखान्याचा माल आहे? त्यावर ते हसले. "माल वरून येतो." पुणेरी बाजारात 'वरून' म्हणजे कुठूनही. त्यांचाही दोष म्हणवत नाही. त्यांच्याकडेही कुणी कागद मागितलेला नव्हता, त्यामुळे त्यांनीही 'वर' मागितलेला नव्हता.

मग प्रयोगशाळेला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे समजावलं. डबा वेगळा, झाकण वेगळं, पिशवी वेगळी, प्रत्येकाचा नमुना वेगळा आणि प्रत्येकाची फी वेगळी. आकडा ऐकला आणि तिला म्हटलं, विचार करून सांगते. ठेवता ठेवता तिनेच एक गोष्ट सांगितली, ती मात्र फीपेक्षा जास्त लागली: "मॅडम, हा रिपोर्ट तुम्ही दिलेल्या नमुन्यापुरताच असतो. पुढच्या महिन्यात दुकानदाराने दुसऱ्या कारखान्याचा माल दिला, तर त्याला हा लागू नाही." म्हणजे पदरमोड करून कागद आणला, तरी तो कागद एका गठ्ठ्याचा. दर दोन आठवड्यांनी माझा गठ्ठा बदलतो.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. माझ्या जावेनेही म्हटलं. तिला मी माझा जुना पांढरा डबा दाखवला, ज्यात एकदा गरम कढी ठेवली होती आणि जो त्या दिवसापासून पिवळाच आहे. तारेच्या घासणीने घासा, उन्हात ठेवा, हळद निघत नाही. तेल आणि उष्णता यांच्या जोरावर हळद प्लास्टिकच्या अंगात शिरली. जो रस्ता हळदीला आत जायला मोकळा, तोच डब्यातल्या द्रव्यांना बाहेर यायला मोकळा. प्लास्टिक मऊ राहावं, रंग टिकावा, उन्हाने तडकू नये, साच्यातून सुटावं म्हणून त्यात जे जे घालतात, ते सगळं काही प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळीत घट्ट बांधलेलं नसतं. गरम, तेलकट, आंबट, आणि वर बराच वेळ: हे चार जमले की डबा अन्नात थोडा उतरतो. आणि आपलं जेवण बघा. तर्रीची मिसळ, चिंच-गुळाची आमटी, कोकमाची सोलकढी, तळणीतून काढून थेट पिशवीत टाकलेली भजी. चारही गोष्टी आपल्या ताटात रोजच्याच.

हे तुमच्या विनियमांना माहीत आहे, याबद्दल मला शंका नाही. प्लास्टिकमधून अन्नात एकूण किती उतरलेलं चालेल याची मर्यादा तिथे आहे: किलोला 60 मिलिग्रॅम किंवा प्लास्टिकच्या दर चौरस डेसिमीटरला (म्हणजे दहा सेंटिमीटर बाय दहाच्या तुकड्याला) 10 मिलिग्रॅम. तपासायची पद्धतही ठरलेली आहे, आयएस 9845 हे भारतीय मानक. त्यात आंबटाच्या जागी 3 टक्के असेटिक आम्ल घेतात, तेलकटाच्या जागी हेप्टेन नावाचा द्रव. वाचताना गंमत वाटली, की माझ्या आमटीची भूमिका कुठेतरी एका प्रयोगशाळेत कुणी रासायनिक द्रव करतंय.

पण त्या दोन आकड्यांशी मी जरा घरगुती हिशेब मांडून पाहिला. दोन्ही आकडे एकच, असं धरायला किलोभर अन्नाला सहा चौरस डेसिमीटर प्लास्टिक लागतं असं मानावं लागतं. माझी चटणीची पिशवी दहा सेंटिमीटर बाय साडेसात. दोन्ही बाजू मिळून दीड चौरस डेसिमीटर. म्हणजे 15 मिलिग्रॅमपर्यंत उतरलं तरी क्षेत्रफळाच्या हिशेबाने ती पास. चटणी किती असते? 30 ग्रॅम. तेच किलोला लावलं तर 500 मिलिग्रॅम होतात, साठाच्या आठपट. एकूण उतरणं म्हणजे सगळं विषच असं नाही, त्यात निरुपद्रवी मेणही आलं, हे मला समजतं. पण पुडी जितकी लहान, तितकं अन्नाच्या मानाने प्लास्टिक जास्त. आणि पार्सलचा सगळा धंदा पुड्यांचा आहे: चटणीची पुडी, लोणच्याची पुडी, सांबाराची पिशवी, दह्याची वाटी. हा हिशेब चुकला असेल तर तुमच्या तज्ज्ञांनी दाखवून द्यावा, मी आनंदाने मागे घेईन.

विनियमांत बेरियम, कोबाल्ट, तांबं, जस्त, अँटिमनी अशा काही धातूंच्या आणि डीईएचपी नावाच्या एका थॅलेटच्या (प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्याच्या) वेगळ्या मर्यादाही आहेत. शाईसाठी आयएस 15495 आहे. कागदावर सगळं आहे हो. माझी तक्रार कागद कमी आहे अशी नाहीच.

वर्तमानपत्राचं उदाहरण घ्या. प्राधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये सांगितलं, वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका. 2018 च्या विनियमांत ते लिहून टाकलं. सप्टेंबर 2023 मध्ये पुन्हा बजावलं. बरोबरच आहे. वर्तमानपत्राची शाई वाळून घट्ट बसत नाही, तिच्यातलं खनिज तेल कागदात मुरतं, म्हणून तर सकाळी पेपर वाचून बोटं काळी होतात. त्यावर गरम वडा ठेवला की वड्याचं तेल त्या तेलाला बोलावूनच घेतं. मी स्वतः कितीतरी दिवाळ्या चकल्या पेपरावर निथळत ठेवल्या आहेत. एकदा अनारशावर उलटी अक्षरं उमटलेली, मुलांनी वाचून दाखवली होती. आता मी ते करत नाही. पण वडापाववाल्याच्या गाडीवरची रद्दी जप्त झाली तरी रद्दी काही संपत नाही. ती गिरणीत जाते, तिचा लगदा होतो आणि त्यातला काही करड्या पाठीचा पुठ्ठा होऊन मिठाईच्या बॉक्सच्या रूपाने परत येतो. बाहेरून गणपती, मोर, सोनेरी वेलबुट्टी, आतून राखाडी. पेढे त्यावर, मध्ये कधी पातळ प्लास्टिक, कधी तेही नाही. झुरिकच्या शासकीय प्रयोगशाळेने दाखवून दिलं होतं की पुनर्वापराच्या पुठ्ठ्यातलं खनिज तेल वाफ होऊन आतल्या कोरड्या धान्यापर्यंतही पोचतं, स्पर्श व्हावाच लागतो असं नाही. फ्रान्सने तर पॅकिंगच्या छपाईतूनच अशी खनिज तेलं बाद करायला घेतली. आपण गाडीवाल्याच्या हातातला पेपर पकडला. त्याच पेपरचा बॉक्स झाला की त्याला कोण बघतं?

छपाई बाहेरच्या बाजूला आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तेही नाही. नोव्हेंबर 2005 मध्ये इटलीत तान्ह्या बाळांच्या दुधाच्या खोक्यांमध्ये आयटीएक्स नावाचं रसायन सापडलं. ते शाई अतिनील प्रकाशात झटकन वाळावी म्हणून वापरलं जात होतं. शाई खोक्याच्या बाहेर, दूध आत, मग ते आत गेलं कसं? छापलेला कागद कारखान्यात मोठ्या गुंडाळीत राहतो. गुंडाळीत एका वेढ्याची बाहेरची बाजू दुसऱ्या वेढ्याच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. घडी घातलेल्या साडीचा रंग शेजारच्या साडीला लागावा, तसं. त्या वेळी लाखो लिटर दूध बाजारातून उचलावं लागलं. कुणाला सांगून पटणार नाही, पण हे वाचल्यापासून मी पाऊचचा रोल विकत घेताना आतली बाजू बोटाने चोळून बघते. त्याने काही कळत नाही. तरी बघते.

आता माझ्या एका शहाणपणाबद्दल. 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली. थर्माकोल गेलं, एकदाच वापरायचे डबे गेले, मग हळूहळू काही परत आले. मी ठरवलं, आपण उसाच्या चिपाडाचे वाडगे वापरायचे. आपल्याच सांगली-कोल्हापूरच्या उसाचं चिपाड, मातीतून आलं मातीत जाईल. ग्राहकांनी कौतुक केलं, मी चार रुपये वाढवले. मग एका संध्याकाळी बसल्या बसल्या प्रश्न पडला: चिपाडाचा लगदा नुसता असेल तर तांबडा रस्सा अर्ध्या तासात तळातून बाहेर यायला हवा. येत नाही. का येत नाही? तेलाचा थेंब टाकला तर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल राहिला. बाहेरच्या देशांत अशा वाडग्यांना आणि तेल न पिणाऱ्या कागदांना पीएफएएस गटातली रसायनं लावत आलेत. कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका चिवट की ती वर्षानुवर्षं मोडत नाहीत, म्हणून बातम्यांत त्यांना 'फॉरएव्हर केमिकल्स' म्हणतात. डेन्मार्कने जुलै 2020 पासून कागदी पॅकिंगमधून ती हद्दपार केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं की अन्नाच्या कागदाला तेलरोधक म्हणून ती विकणं तिथे थांबलं आहे. माझ्या वाडग्यात ती आहेत असं मी म्हणत नाही. नाहीत असं लिहून देणारा कुणी मला सापडत नाही, एवढंच म्हणते. चार रुपये मात्र वाढवलेले आहेत, आणि त्याची लाज वाटते.

कागदी कपाची तीच कथा. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये मोजलं: कागदी कपात गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर 100 मिलिलिटरमध्ये आतल्या अस्तराचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. आमच्या गल्लीत प्लास्टिकचे कप गेले त्या दिवशी सगळ्यांनी हुश्श केलं होतं.

ऑक्टोबर 2025 मध्ये प्राधिकरणाने मसुदा काढला. अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये पीएफएएस नको, आणि पॉलिकार्बोनेट (कडक, पारदर्शक प्लास्टिक) व इपॉक्सीच्या (अस्तराला वापरतात त्या रेझिनच्या) वस्तू बीपीएमुक्त हव्यात; बीपीए म्हणजे हे दोन्ही बनवायला लागणारं रसायन. वाचून बरं वाटलं. बीपीएवरून युरोपात जे झालं ते मी थोडं वाचलं आहे. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 4 मायक्रोग्रॅम चालेल म्हटलं होतं. एप्रिल 2023 मध्ये तो आकडा 0.2 नॅनोग्रॅमवर आणला, म्हणजे वीस हजारपट खाली. जर्मनीच्या संस्थेला इतकी घसरण मान्य नव्हती, तिने 0.2 मायक्रोग्रॅम धरलं. शास्त्रज्ञांत मतभेद असतात, असू देत. मतभेद चालू असतानाच डिसेंबर 2024 मध्ये युरोपने अन्नाच्या पॅकिंगमधून बीपीए काढून टाकायचा नियम केला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टेंपोत रचलेले पाण्याचे वीस लिटरचे जार भर उन्हात फिरतात. लग्नात तेच, कोचिंग क्लासमध्ये तेच, माझ्या केंद्रातही एक. त्यातले पॉलिकार्बोनेटचे कुठले आणि दुसरे कुठले, हे उभ्या उभ्या ओळखता येईल असं तुम्ही काय करणार आहात? मसुद्यातली ओळ टेंपोपर्यंत कशी पोचणार, हा माझा प्रश्न आहे.

मला विचाराल तर गाठ एकाच जागी बसली आहे. तुमचा परवाना वडा विकणाऱ्याला लागतो. वड्याचा कागद, आमटीचा डबा, चटणीची पिशवी बनवणाऱ्या कारखान्याला तो लागत नाही. तुमचा निरीक्षक त्याच्या दारात जायला बांधील नाही. साखळीत सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस, ज्याला कुठला दाणा, कुठला रंग, कुठलं मऊ करणारं द्रव्य घातलं हे ठाऊक आहे, तो मोकळा. आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही तो प्रमाणपत्राला जबाबदार. युरोपात, त्यांच्या बाकीच्या उणिवा काहीही असोत (कागद आणि शाईचा सगळ्या देशांना मिळून एक नियम त्यांनाही धड करता आलेला नाही), प्लास्टिकच्या बाबतीत बनवणाऱ्याने पुढच्याला लेखी जाहीरनामा द्यायचा असतो आणि तो साखळीत हातोहात पुढे येतो. मला दुकानदाराने दाखवलेलं ग्लास-काट्याचं चिन्ह मूळचं तिथलंच. आपण चिन्ह आणलं, त्यामागचा कागद आणायचा राहिला. आपल्याकडे हे जमणार नाही असंही नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीला 1992 च्या कायद्याने मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा केला, आणि आज कुठलीही आई बाटली घेताना आयएसआय शोधते. पिशवी किती मायक्रॉनची हे बघायला महापालिकेची माणसं येतात, दंड करतात; प्लास्टिक कचरा नियमांत पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव आणि जाडी छापायला सांगितली आहे. कचरा झाल्यावर पिशवीचा बाप कोण हे आपण विचारतो. आमटी आत असताना विचारत नाही.

तेव्हा माझं मागणं असं. अन्नाचं पॅकिंग बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्याला तुमच्या नोंदणीखाली आणा. डब्याच्या तळाशी त्याचा क्रमांक, गठ्ठ्याचा क्रमांक आणि 'गरम तेलकट पदार्थाला चालतो' की 'फक्त कोरड्याला', एवढं उमटवायला लावा, मराठीतही. प्रमाणपत्र त्याने काढावं, मी फक्त बिलासोबत त्याची प्रत ठेवीन आणि तपासणीला दाखवीन. प्रत नसेल तर मला खुशाल दंड करा. आणि सणासुदीला खव्याचे नमुने घेता तसे वर्षातून दोनदा ठोक बाजारात जाऊन डब्यांचे, बॉक्सचे, वाडग्यांचे नमुने घ्या, आणि निकाल नावांसकट जाहीर करा. माझ्यासारख्या हजारो बायका आहेत, बचत गट आहेत, खानावळी आहेत. आम्हाला रसायनशास्त्र येत नाही, पण कुठला माल घ्यायचा नाही हे कळलं तर आम्ही दुसऱ्या दिवसापासून घेणार नाही. डब्यामागे पन्नास पैसे वाढले तरी.

सगळे पळसाच्या पत्रावळीवर या, असा सल्ला कृपा करून देऊ नका. दीडशे डबे पळसात जात नाहीत, आणि हल्ली बाजारात मिळणाऱ्या पत्रावळीवरही चकचकीत पन्नी चिकटवलेली असते.

कंपनीचं ते काम शेवटी दुसऱ्या कुणाला गेलं. त्यांनी प्रमाणपत्र दिलं म्हणे. कुठून आणलं, मी विचारलं नाही.

या पत्राची प्रत मुंबईच्या कार्यालयात टपालाने पाठवते आहे. सोबत एका पाकिटात चार वस्तू आहेत: झाकणासह एक काळा डबा, आमटीची एक पिशवी, उसाच्या चिपाडाचा एक वाडगा आणि पेढ्यांचा एक रिकामा बॉक्स. सगळं गेल्या मंगळवारी घेतलेलं, कच्च्या बिलाची झेरॉक्स जोडली आहे. चारांपैकी एकावरही बनवणाऱ्याचं नाव नाही. तुम्हाला शोधून काढता आलं, तर मला कळवावं. पुढच्या मंगळवारी परत माल भरायचा आहे.

आपली,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक बाई
पुणे